एजे, बीएन आणि मधली मी

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या रागातूनच झालं, आणि नंतर कुणी म्हणायला नको की पूर्णिमाने स्वतःची बाजू सावरून सांगितलं.

आमची कंपनी नारायण पेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. सगळी मिळून अकरा माणसं. डिस्क भरलेली मोठी खोकी आम्ही बनवतो आणि हॉस्पिटलं त्यात एक्स-रे, स्कॅन असलं काय काय साठवतात. खोकं म्हणजे नुसतं लोखंड. त्यातल्या डिस्ककडून काम करून घेतो तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. आमचा ड्रायव्हर दोघांनी मिळून लिहिला, बद्रीनाथ सर आणि एजाजभाई. ‘मिळून’ हा शब्द मी उगाच वापरला, कारण त्या दोघांचा अबोला होता. मी टेस्टिंग करते, म्हणजे त्यांनी बनवलेलं मोडून दाखवते.

लोक लगेच डोळे बारीक करून विचारतात, धर्माचं होतं का हो काही? छे! कोडचं होतं. एजाजभाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस रजेवर गेले होते, तेव्हा बद्रीनाथ सरांनी त्यांच्या फाइलमधल्या चाळीस ओळी न विचारता बदलल्या. परत आल्यावर एजाजभाई म्हणाले, "माझ्या स्वयंपाकघरातली भांडी न विचारता हलवलीत?" सर म्हणाले, "घाण होती, म्हणून हलवली." झालं! तिथून साडेसहा वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. ड्रायव्हरचे दोन भाग केले. एजाजभाईंकडे रोजचं वाचणं-लिहिणं, सरांकडे डिस्क बिघडली की ती सावरणं. कुणी कुणाच्या फाइलला बोट लावायचं नाही. एजाजभाई आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावापुढे ‘एजे’ लावायचे आणि सर ‘बीएन’.

खिडकीशी सरांचं टेबल, कपाटाशी एजाजभाईंचं, आणि मधे माझं. आठ पावलांचं अंतर असेल. "पूर्णिमा, त्यांना सांग, पंखा एकवर करा." एजाजभाई तिथेच बसून सगळं ऐकतायत. तरी मी मान वळवून सांगायचं, "एजाजभाई, पंखा एकवर." "त्यांना सांग, उकडतंय." घराघरात असला अबोला असतो, माहितीय मला. माझ्या आत्याने नवऱ्याशी चार वर्षं धरला होता. पण आत्याच्या घरात निदान निरोप न्यायला तिची स्वतःची मुलं होती! इथे मी इंजिनिअर, पगार घेऊन हे करत होते.

दीड वर्षापूर्वी एजाजभाई गेले. सकाळी कामावर निघायच्या आधी घरीच, हृदयविकाराने. आम्ही सगळे मातीला गेलो. बद्रीनाथ सर आले नाहीत. "बोलणं नव्हतं. कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणाले, आणि दिवसभर ऑफिसात एकटे बसून राहिले. कपाटाजवळचं टेबल अजून रिकामं आहे. नवीन माणसाला तिथे बसवायचं कुणी नाव काढत नाही.

यंदा वाघोलीकडच्या एका हॉस्पिटलात आमचं खोकं अडकलं. बंद पडलं नाही, अडकलं. डॉक्टर स्कॅन उघडतायत आणि ते उघडत नाही, पेशंट टेबलावर तसाच. पंचवीस मिनिटांनी त्यांनी वीज बंद-चालू केली तेव्हा सुटलं. पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. आमच्या मालकीण राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, "दोन आठवडे देते. शुक्रवारी पाच वाजता मला लेखी कारण हवंय. हॉस्पिटलला पाठवायचंय."

मी तसंच खोकं लॅबमध्ये उभं केलं आणि नऊ दिवस त्याला छळलं. एकीकडून हजारो फाइली लिहायला लावायच्या आणि त्याच वेळी दुसरीकडून डिस्क बिघडल्याचं सोंग आणायचं. दहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकराला, ते अडकलं. "सापडलं!" मी जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. मग स्क्रीन वाचली आणि खुर्चीत खाली बसले.

प्रोग्रॅमचा एखादा धागा, म्हणजे त्यातलं एक चालू काम, फार वेळ ताटकळला की यंत्र दर दोन मिनिटांनी तक्रार करतं. स्क्रीनवर दोन ओळी होत्या. एजे थांबलाय, बीएनकडे असलेल्या लॉकसाठी. बीएन थांबलाय, एजेकडे असलेल्या लॉकसाठी.

समजायला सोपं आहे. एकाच्या हातात पोळपाट, दुसऱ्याच्या हातात लाटणं, आणि दोघंही दुसऱ्याने आधी द्यावं म्हणून उभे. पोळी कुणाचीच होत नाही. लॉक म्हणजे कुलूप, ज्याच्याकडे ते असेल त्यानेच ती वस्तू वापरायची. इथे लॉक दोन होती. एक कामांच्या रांगेचं, दुसरं डिस्कचं. एजाजभाईंचा भाग आधी रांगेचं घ्यायचा, मग डिस्कचं. सरांचा भाग आधी डिस्कचं, मग रांगेचं. दोघं नेमके एकाच क्षणी आले तर दोघंही कायमचे अडकणार. असं एरवी वर्षात एखाद्या वेळीच होतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही. वाघोलीच्या खोक्यातली डिस्क जुनी होऊन सारखी बिघडत होती, म्हणून तिथे तीनदा. क्रम तपासणारं साधन असतं, पण ते लावलं की यंत्र रांगायला लागतं, म्हणून आम्ही शहाण्यांनी ते बंद ठेवलं होतं.

तर ते खोकं आम्ही तसंच ठेवलं, तपासायला. अडकलेला धागा मारताही येत नाही. मारायचा हुकूम दिला तरी तो ऐकत नाही, बसून राहतो. डिस्कचा दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो एकसारखा जळत होता. आणि दर दोन मिनिटांनी एजे थांबलाय. माणूस जाऊन दीड वर्ष झालं आणि तो आमच्या लॅबमध्ये थांबलाय! भर दुपारी, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, माझ्या अंगावर काटा आला. मी स्क्रीनवर ओढणी टाकली. मग माझीच मला लाज वाटली आणि काढली.

मला भूतबित काही वाटत नव्हतं. मी त्यातली नाही. पण ती ओळ उमटली की मला एजाजभाईंचा आवाज ऐकू यायचा. हळू, काही मागायचा संकोच असलेला. "सांगितलंस?"

ते कशाबद्दल, ते सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वीचा चौदा जून. त्या दिवशी दुपारपर्यंत माझे सात निरोप झाले होते, त्यातले तीन पंख्याचे. धायरीहून येताना गाडी दोनदा बंद पडलेली, डोकं आधीच तापलेलं. एजाजभाई म्हणाले, "पूर्णिमा, त्यांना सांग, डिस्क सावरताना लॉकचा क्रम उलटा होतोय. आधी रांगेचं, मग डिस्कचं हवं. नाहीतर मी माझं बदलतो, त्यांना हवं तसं. फक्त एकदा बसून ठरवू." मी "हो हो, सांगते" म्हटलं. सर फोनवर होते. फोन ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "त्यांना सांग, पंखा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, जा खड्ड्यात दोघंही! आणि डबा खायला निघून गेले.

दोन दिवसांनी एजाजभाईंनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

खोटं बोलायला मला तेवढाच वेळ लागला. त्यांनी मान हलवली. त्यानंतर पंख्याचे निरोप आले, चहाचे आले, पण कोडचा एकही आला नाही. ‘एकदा बसून ठरवू’ म्हणजे त्यांनी अबोला सोडायला हात पुढे केला होता, हे मला फार उशिरा कळलं, पोळ्या लाटताना एका सकाळी. तोवर एवढे महिने गेले होते की आता कसं सांगू, असं झालं. मग ते गेले.

तर बुधवारी बद्रीनाथ सरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एजाजभाईंची फाइल उघडली. मी शेजारी उभी होते. अगदी वर, कोडच्या आधी, एजाजभाईंनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. आधी रांगेचं लॉक, मग डिस्कचं. सगळीकडे हाच क्रम. बी. एन. यांना कळवलं आहे. १६ जून.

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"खोटारडा! मला कधी कळवलं? कधी?"

"सर..."

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, कळतं मला. पण हे लिहून ठेवलंय ना! माहीत होतं, लपवलं, आणि वर खोटी नोंद. जसंच्या तसं रिपोर्टात घालणार मी." आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "इतका राग होता का गं त्याला माझा? हॉस्पिटलचं यंत्र अडकलं तरी चालेल, पण मला सांगायचं नाही?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही. त्या रिपोर्टवर कंपनीचा शिक्का लागणार, तो कागद हॉस्पिटलात जाणार, आमच्या कपाटात राहणार. त्यावर एजाजभाई कायमचे खोटारडे ठरणार. जो माणूस टेस्टिंगला कोड देतानाही म्हणायचा, "ह्या दोन जागा कच्च्या आहेत, तिथे आधी मार," तो! आणि खोटं बोललेली मी, त्याच टेबलावर बसून चहा पिणार. त्या दिवशी मी घरी गेले आणि भाजीत दोनदा मीठ घातलं.

गुरुवारी दुपारी सर राजनंदिनी मॅडमना रिपोर्ट वाचून दाखवायला उठले. पहिलं वाक्य कानावर पडलं, ‘पूर्वीच्या अभियंत्याने हा दोष जाणूनबुजून...’ आणि मी ओरडले, "थांबा!" सगळं ऑफिस वळलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. चौदा जून, डबा, बघतो म्हणाले, सगळं.

सर खाली बसले. मग म्हणाले, "त्याचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मी सांगितले. तीन वर्षांत एकही शब्द विसरले नव्हते.

"एकदा बसून ठरवू, असं म्हणाला?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक काम होतं तुला. इकडचं तिकडे सांगायचं. तेवढंही जमलं नाही!" मी मान खाली घातली. मग तेच हळूच म्हणाले, "आणि तुला ते काम लावलं कुणी? आम्ही दोन गाढवांनी." मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. मॅडमनी पाणी आणून दिलं.

दुरुस्ती सात ओळींची होती. सरांनी आपल्या फाइलमधला क्रम बदलला, आधी रांगेचं, मग डिस्कचं, एजाजभाई म्हणाले होते तसा. पण ती तपासायला ते अडकलेलं खोकं आधी बंद करावं लागणार होतं. बटण कुणी दाबेना. मी दोनदा बोट नेलं आणि मागे घेतलं. शेवटी सर उठले. स्क्रीनसमोर उभे राहिले. ओळ पुन्हा उमटली, एजे थांबलाय. त्यांनी ती वाचली आणि बटण दाबलं. दिवा विझला. खोक्याचे पंखे थांबले आणि खोलीत एवढी शांतता झाली की मला एकदम तिथून पळावंसं वाटलं.

क्रम तपासणारं साधन ह्या वेळी मी चालू ठेवलं. रांगलं तर रांगू दे. शुक्रवारी तीनपर्यंत खोक्याने चाळीस हजार वेळा डिस्क सावरली आणि एकदाही अडकलं नाही. सरांनी रिपोर्ट नव्याने लिहिला. ‘श्री. एजाज यांनी हा दोष वेळीच ओळखून कळवला होता. निरोप पोचण्यात चूक झाली.’

"माझं नाव घाला," मी म्हटलं.

"हॉस्पिटलला तुझं नाव काय चाटायचंय?" म्हणाले आणि सही करून टाकली. मग चष्मा पुसत पुसत म्हणाले, "तू रविवारी आबेदाभाभींकडे जाशील का? एजाजच्या बायकोला सांग, की मी..."

"नाही!" माझा पारा एकदम चढला. "इकडचा एक शब्द आता मी तिकडे नेणार नाही. तोंड आहे ना तुम्हाला? चला माझ्याबरोबर."

रविवारी सकाळी साठीला टेकलेला तो माणूस माझ्या स्कूटरवर मागे बसून मोमीनपुऱ्यात आला. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टची प्रत. वाटेत सिग्नलला नुसतं "सावकाश" म्हणाले.

आबेदाभाभी शाळेतून निवृत्त झालेल्या. दार उघडून त्यांनी सरांकडे पाहिलं आणि नाव विचारलं नाही. "या, बद्रीनाथ सर," म्हणाल्या. चहा ठेवला. सरांनी कागद पुढे केला. भाभींनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, शाळेत पेपर तपासावा तसा, ओळीवर बोट ठेवून.

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या.

मी पुढे सरकले. "खरं आहे, भाभी. त्यांनी मला सांगितलं होतं. मीच..."

"तुझं माहीत होतं त्यांना." त्या माझ्याकडे पाहत होत्या, रागाने नाही. "घरी येऊन म्हणाले, पूर्णिमाने सांगितलेलं नाही. मुलगी खोटं बोलते तेव्हा दुसरीकडे बघते, म्हणाले."

त्या मान हलवण्याचा अर्थ मी तीन वर्षं चुकीचा लावला होता.

"मी म्हटलं, मग तुम्ही सांगा. शेजारी तर बसतात. म्हणाले, आज कळवल्याचं लिहून ठेवलंय, उद्या सांगतो, म्हणजे खोटं राहणार नाही. मी रोज डबा देताना विचारायची, बोललात का? उद्या बोलतो. दीड वर्षं, रोज. शेवटच्या दिवशीही डबा भरलेला होता."

सरांनी कप खाली ठेवला. "मी बघायचो हो," ते म्हणाले. "तो जागेवरून उठला की मला वाटायचं, आता इकडे वळेल. छातीत धडधडायचं. कपाट उघडायचा, फाइल घ्यायचा आणि परत बसायचा."

"मग तुम्ही का नाही उठलात?"

आत कुकरची शिट्टी झाली. भाभी उठल्या नाहीत, उत्तराची वाट पाहत राहिल्या.

"चूक माझी होती," सर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माझीच. त्याच्या ओळींमध्ये घाण नव्हती. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या, म्हणून बदलल्या." आणि ते रडायला लागले, खांदे हलवत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे बघावं ते मला कळेना.

भाभींनी त्यांना रडू दिलं. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तर हे ‘कळवला होता’ खोडा. ह्यांनी कळवलं नाही. आठ पावलं चालवली नाहीत त्यांना. त्यांच्या नावावर खोटं नको, मला चालणार नाही."

सरांनी डोळे पुसले. कागद उचलला, घडी घातली आणि भाभींच्या हातात परत ठेवला.

"नाही भाभी," ते म्हणाले. "एजाजने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

भाभी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागद घट्ट धरला आणि तोंडाला पदर लावला. मी आत जाऊन गॅस बंद केला.